टॅलाहाचीच्या पाट्या

१९५५च्या सप्टेंबरात अमेरिकाभरातून आलेल्या बातमीदारांच्या गाड्या मिसिसिपी राज्यातल्या सम्नर गावाच्या वेशीवर पोचल्या. तिथे त्यांना आधी दिसली ती गावाची स्वागतपाटी. मुलगा लहानाचा मोठा करावा तर इथेच, अशा अर्थाचं ब्रीद तिच्यावर रंगवलेलं होतं. बातमीदार आले होते ते चौदा वर्षांच्या एका मुलाच्या खुनाचा खटला ऐकायला. ती पाटी त्यांच्या वार्तापत्रांमधून गाजली, आणि गावाला पुढे बरीच वर्षं चिकटून राहिली.

सम्नर हे टॅलाहाची काउंटीचं एक मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा मुलूख. टॅलाहाचीला मुख्य ठिकाणं दोन : टेकड्यांच्या बाजूला चार्ल्सटन आणि कापसाच्या सपाट रानात सम्नर. आज साऱ्या काउंटीत मिळून साडेबारा हजारांच्या आसपास माणसं राहतात, सम्नरमध्ये तर काहीशेच. उद्योग नाही, मोठं शहर नाही, तरुण पिढी कधीच बाहेर पडलेली. या चिमुकल्या मुलखातल्या रस्त्याकडेच्या स्मृतिफलकांवर मात्र पुस्तकं लिहिली गेली, एक फलक वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला आणि एकाला चिलखत चढवावं लागलं.

मूळ घटना आधी सांगायला हवी. एमेट टिल हा शिकागोचा मुलगा उन्हाळ्याच्या सुटीत आईच्या नातलगांकडे मिसिसिपीला आला होता. २४ ऑगस्ट १९५५ला मनी नावाच्या खेड्यातल्या ब्रायंट यांच्या किराणा दुकानात तो गेला, आणि दुकानदाराच्या गोऱ्या बायकोशी आगाऊपणा केल्याचा आळ त्याच्यावर आला. २८ तारखेच्या मध्यरात्रीनंतर दुकानदार रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी मोझ राइट या नात्यातल्या वृद्ध आजोबांच्या घरातून त्याला उचलून नेलं. तीन दिवसांनी टॅलाहाची नदीत त्याचा मृतदेह सापडला. गळ्याभोवती काटेरी तारेनं कापसाच्या जिनचा सुमारे ३४ किलो वजनाचा लोखंडी पंखा बांधलेला होता.

शेरीफ स्ट्रायडर यांनी मृतदेह तातडीनं पुरायचा हुकूम दिला होता. नातलगांनी दफन थांबवलं आणि शवपेटी शिकागोला गेली. तिथे आई मेमी टिल यांनी पेटी उघडी ठेवायचा निर्णय घेतला. हजारो लोकांनी तो विद्रूप चेहरा पाहिला, ‘जेट’ साप्ताहिकानं छायाचित्रं छापली.

खटला पाच दिवस चालला. ज्युरी मतदार यादीतून निवडायची असे. काउंटीत दोन तृतीयांशाच्या आसपास लोक कृष्णवर्णीय होते, पण यादीत त्यांच्यातला एकही नव्हता. बायकांना ज्युरीत बसायची मुभाच नव्हती. उरले बारा गोरे पुरुष. मोझ राइट साक्षीला उभे राहिले आणि भरल्या न्यायालयात त्यांनी मायलमकडे बोट दाखवलं. त्या काळच्या मिसिसिपीत कृष्णवर्णीय माणसानं गोऱ्याविरुद्ध असं बोट उचलणं म्हणजे मुलूख सोडायची तयारी करणंच होतं. राइट पुढे शिकागोला निघूनच गेले. २३ सप्टेंबरला ज्युरी आत गेली आणि ६७ मिनिटांत निर्दोष सुटकेचा निकाल घेऊन बाहेर आली. मध्ये थंड पेय प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता, असं त्यातल्या एकानं नंतर सांगितलं. चारच महिन्यांत, जानेवारी १९५६मध्ये, दोघा आरोपींनी पैसे घेऊन ‘लुक’ मासिकाला खुनाची कबुली दिली. सुटका झालेली असल्यामुळे त्यांच्यावर पुन्हा खटला चालवता येत नव्हता.

त्यानंतर टॅलाहाचीत जवळपास पन्नास वर्षं सगळं चिडीचूप झालं. साऱ्या देशात टिलचं नाव घेतलं जात होतं. माँटगमरीच्या बसमध्ये जागेवरून उठायला नकार देताना आपल्या मनात तोच मुलगा होता, असं रोझा पार्क्स यांनी पुढे सांगितलं. इथे मात्र त्याच्या नावाचा एक दगडही नव्हता. सम्नरच्या न्यायालयाच्या आवारात स्मारक होतं, पण ते १९१३ साली उभारलेलं, यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूनं लढलेल्या सैनिकांचं. काय लक्षात ठेवायचं याचा निर्णय गावानं आधीच करून टाकलेला होता, असंच म्हणावं लागतं.

दुसरी एक गोष्ट तर अजूनच मागे पडली. टिलच्या खटल्याला तीन महिनेही झाले नसतील, तोच ग्लेनडोरा गावात क्लिंटन मेल्टन या पेट्रोल पंपावरच्या कृष्णवर्णीय कामगाराला मायलमच्या एका दोस्तानं गोळ्या घातल्या. खटला त्याच सम्नरच्या न्यायालयात चालला आणि निकालही तसाच लागला. मेल्टन हे नाव आज काउंटीबाहेर क्वचितच कुणाला माहीत असेल.

कोंडी फुटली ती जुलै २००५मध्ये. ग्रीनवुड ते टटवायलर या गावांदरम्यानच्या ४९-ई महामार्गाला एमेट टिलचं नाव देण्यात आलं. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत राज्याचे सिनेटर डेव्हिड जॉर्डन होते. १९५५मध्ये कॉलेजात शिकणारा पोरगा असताना त्यांनी तो खटला न्यायालयात बसून ऐकला होता. महामार्गाची पाटी लागली आणि वर्षभरातच कुणीतरी तिच्यावर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेची तीन अक्षरं फासली. पुढे काय वाढून ठेवलं आहे याची ती चुणूक होती.

काउंटीच्या आत हालचाल झाली ती जेरोम लिटल यांच्यामुळे. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाचे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. त्यांच्या पुढाकारानं टिल स्मारक आयोग स्थापन झाला, आणि त्यात कृष्णवर्णीयांबरोबर गोरेही बसले. बेटी पीअर्सन या मळेवाल्या घरातल्या गोऱ्या बाई आयोगाच्या सहअध्यक्ष झाल्या. त्याही १९५५च्या खटल्याला हजर होत्या. बैठका सोप्या नव्हत्या. कृष्णवर्णीय सदस्यांना हवी होती जाहीर माफी. गोऱ्या सदस्यांपैकी अनेकांचा जीव अडकला होता तो मोडकळीला आलेल्या न्यायालयाच्या इमारतीत. इमारत पडली तर सम्नरमध्ये उरणार काय, ही त्यांची चिंता होती आणि ती खोटीही नव्हती. टिलचं नाव जोडल्याशिवाय दुरुस्तीला बाहेरून पैसा येणार नाही, आणि गोऱ्यांना बरोबर घेतल्याशिवाय ठराव होणार नाही, हे दोन्ही बाजूंच्या ध्यानात आलं. सलोख्याच्या मुळाशी अशी रोकडी गरज असणं काही कमीपणाचं नाही. उलट म्हणूनच तो सलोखा टिकला, असं आता मागे वळून पाहताना वाटतं.

२ ऑक्टोबर २००७ला न्यायालयासमोर तो ठराव वाचला गेला. न्याय करण्यात आपण कमी पडलो, हे काउंटीनं बावन्न वर्षांनी टिल कुटुंबापुढे कबूल केलं. श्रोत्यांमध्ये सिमिऑन राइट होते. एमेटला ज्या बिछान्यातून उचलून नेलं, त्याच बिछान्यात त्या रात्री हा नातलग झोपलेला होता. न्यायालयासमोर राज्य सरकारचा हिरवा फलकही उभा राहिला, माथ्यावर मॅग्नोलियाचं फूल असलेला. मिसिसिपीत असे फलक १९४९पासून लागत आले आहेत आणि त्यांची भाषा नोंदवहीसारखी कोरडी असते. या फलकात मात्र कोरडेपणाच धारदार ठरला : सर्व ज्युरी गोरी होती, आरोपी सुटले, दोघांनी नंतर कबुली दिली. तेही सैनिकाच्या जुन्या पुतळ्याच्या शेजारी.

आयोगानं त्याच सुमारास काउंटीत इतरत्र आठ फलक लावले. जांभळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. टटवायलरमध्ये जिथे मृतदेह दफनासाठी तयार केला गेला ती जागा, ग्लेनडोरातली जुनी कापसाची जिन, आणि नदीकाठचं ग्रॅबॉल लँडिंग. एकेकाळी तिथे वाफेच्या बोटी लागत. डांबरी सडक सोडून खडीच्या रस्त्यानं शेतं ओलांडत जावं तेव्हा ही जागा येते. आजूबाजूला वस्ती नाही, आणि याच एकांतानं पुढचा घोटाळा केला.

तिथला पहिला फलक २००८मध्ये उखडून नदीत फेकला गेला. दुसरा लावला, त्यावर गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या. काउंटीबाहेर त्याची खबर फारशी गेली नाही. २०१६च्या ऑक्टोबरात एका चित्रपट-विद्यार्थ्यानं काढलेलं त्याचं छायाचित्र समाजमाध्यमांवर पसरलं, तेव्हा देश खडबडून जागा झाला. फलकावरची भोकं मोजली गेली : ३१७. जून २०१८मध्ये तिसरा फलक लागला आणि पस्तिसाव्या दिवशी त्यालाही गोळ्या लागल्या. २०१९च्या उन्हाळ्यात एक छायाचित्र बाहेर आलं. मिसिसिपी विद्यापीठातले तीन तरुण बंदुका घेऊन त्या जखमी फलकापुढे हसत उभे होते. गोळ्या त्यांनीच झाडल्या हे सिद्ध झालं नाही, पण त्यांच्या विद्यार्थी-संघटनेनं त्यांना निलंबित केलं.

दक्षिणेतल्या ग्रामीण भागात रस्त्याच्या पाट्यांवर नेम धरणं हा रिकामटेकड्या पोरांचा जुना खेळ आहे, हरणांच्या पाट्यांनासुद्धा भोकं पडलेली दिसतात, असा युक्तिवाद त्या वेळी ऐकू आला. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पण तीन फलकांची एकाच ठिकाणी ओळीनं ही गत झाल्यावर तो युक्तिवाद ऐकताना पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटल्याशिवाय राहत नाही.

चौथा फलक १९ ऑक्टोबर २०१९ला बसवला. वजन सुमारे २२५ किलो, आत जाड पोलाद, वर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं कवच. न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओनं तो घडवून दिला. आधीच्या फलकांचं काय झालं, हेही आता या फलकावर लिहिलेलं होतं. म्हणजे १९५५ची घटना सांगायला लावलेली पाटी २००८ ते २०१९चाही इतिहास सांगू लागली. दोनच आठवडे गेले असतील, गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांचा एक गट झेंडे घेऊन तिथे चित्रफीत काढायला आला. या वेळी कॅमेरे होते, भोंगे होते. भोंगे वाजले आणि मंडळी पळाली. गोळ्या झेललेला दुसरा फलक २०२१मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात मांडला गेला. ज्या पत्र्याला काउंटीत कुणी वाली नव्हता, त्याला पाहायला लोक रांगेनं येऊ लागले.

गोळ्यांच्या या कहाणीत एक प्रश्न मात्र झाकला गेला. फलक ज्या जागी आहेत, त्या जागा तरी खऱ्या आहेत का?

कॅन्सस विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्ह टेल यांनी ‘रिमेम्बरिंग एमेट टिल’ या २०१९च्या पुस्तकात याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला आहे. मृतदेह नेमका नदीच्या कुठल्या वळणावर सापडला, याबद्दल आजही एकमत नाही. ग्रॅबॉल लँडिंग हा अनेक दाव्यांपैकी एक. पंख्याचंही तेच. ‘लुक’मधल्या कबुलीत तो बोलिव्हार काउंटीतल्या बॉइल गावाजवळच्या जिनमधून आणल्याचं म्हटलं आहे. ग्लेनडोराचे महापौर जॉनी थॉमस यांचं म्हणणं, पंखा आमच्याच गावच्या जिनमधून गेला, आणि त्यांनी त्या जुन्या जिनमध्ये टिलचं संग्रहालय थाटलं. ग्लेनडोरा हे अत्यंत दरिद्री खेडं. ब्लूज गायक सनी बॉय विल्यमसन दुसरे यांच्यामुळे तिथे ब्लूज ट्रेल या संगीतस्थळांच्या फलकमालिकेतला एक फलक आहे, आणि टिलच्या पाट्याही काउंटीत सर्वांत दाट तिथेच आहेत. कापूस यंत्रं वेचतात, रेल्वे थांबत नाही. गावाकडे यायला परक्या माणसाला कारण आहे ते हेच. महापौरांच्या दाव्याला नाकं मुरडण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

पैशानं आठवणी कशा वळवल्या याचा याहून झणझणीत नमुना शेजारच्या लफ्लोर काउंटीत, मनी खेड्यात आहे. तिथे ब्रायंटचं दुकान कोसळत चाललं आहे. भिंतींवर वेली, छप्पर गेलेलं. त्याच्या शेजारचा बेन रॉय यांचा जुना पेट्रोल पंप मात्र १९५०च्या दशकातल्यासारखा टवटवीत दिसतो. दोन्ही मालमत्ता १९५५च्या ज्युरीत बसलेल्या एका माणसाच्या वारसांच्या. नागरी हक्क चळवळीच्या स्थळांसाठी ठेवलेल्या राज्याच्या निधीतून दोन लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळवून त्यांनी २०१४पर्यंत पंप दुरुस्त केला. टिल प्रकरणाशी पंपाचा थेट संबंध काय? तर त्याच्या ओसरीवर बसून लोक या प्रकरणावर बोलत असत म्हणे. दुकानासमोर २०११मध्ये मिसिसिपी फ्रीडम ट्रेल या नागरी हक्क स्थळांच्या फलकमालिकेतला पहिला फलक लागला. २०१७मध्ये आधी तो खरवडला गेला, मग त्यावरचा छापील थरच सोलून काढला गेला. फलकावर हल्ला करायला बंदूकच लागते असं नाही.

आणि सर्वांत मोठी मेख ड्रू गावाजवळच्या कोठारात आहे. ड्रू टॅलाहाचीत नाही, सनफ्लॉवर काउंटीत आहे. मायलमचा एक भाऊ तिथलं शेत पाहत असे. विली रीड या अठरा वर्षांच्या तरुणानं त्या कोठारातून मारहाणीचे आणि किंकाळ्यांचे आवाज ऐकले होते, आणि खटल्यात तशी साक्षही दिली होती. मग कोठार इतिहासातून गेलं कुठे? ‘लुक’मध्ये कबुली छापणारे पत्रकार विल्यम ब्रॅडफर्ड ह्युई यांना खुनात नाव येईल त्या प्रत्येक माणसाची लेखी संमती हवी होती. संमती मिळाली दोघांची. मग कथेत खुनी दोनच उरले. भाऊ, त्याचं कोठार, इतर साथीदार सगळे गळाले, आणि खुनाची जागा सरकून नदीकाठी आली. कबुली म्हणून देशानं जे वाचलं त्यात सोयीनं कातरलेला नकाशा होता. पुढची पन्नास वर्षं लेखक आणि प्रवासी त्याच नकाशावर चालत राहिले. मृतदेह आपल्या हद्दीत सापडला म्हणून खटला आपल्याकडे, असं शेरीफ स्ट्रायडर यांनी ठरवलं होतं. सारे फलक टॅलाहाचीत गोळा झाले त्याची सुरुवात तिथून आहे.

दरम्यान सम्नरचं न्यायालय १९५५मध्ये होतं तसं आतून-बाहेरून पुन्हा सजलं आणि २०१५मध्ये खुलं झालं. चौकापलीकडे एमेट टिल इंटरप्रिटिव्ह सेंटर आहे; पाहुण्यांना न्यायालय दाखवायचं, फलकांची निगा ठेवायची आणि ते पडले की पुन्हा उभे करायचे, ही कामं याच संस्थेकडे. २०१९मध्ये टेल आणि सहकाऱ्यांनी एक ॲपही काढलं. मोबाइलवर या स्थळांची माहिती मिळते, आणि एकाच जागेबद्दलचे परस्परविरोधी दावेही त्यात शेजारी शेजारी वाचता येतात. पत्र्याच्या फलकावर एवढी जागा कुठली!

२५ जुलै २०२३ला, एमेटचा ब्याऐंशीवा वाढदिवस असता त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी तीन जागांचं मिळून राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं : सम्नरचं न्यायालय, ग्रॅबॉल लँडिंग, आणि शिकागोतलं रॉबर्ट्स टेंपल हे अंत्यविधीचं चर्च. स्मारकाला नाव मायलेकांचं, एमेटचं आणि मेमी टिल-मोब्ली यांचं. जागेबद्दल वाद असलेलं ग्रॅबॉल लँडिंग अशा रीतीनं अधिकृत झालं. त्याला अधिकृत केलं ते १९५५च्या पुराव्यानं कमी आणि नंतरच्या गोळ्यांनी जास्त.

केंद्राची छत्री मिळाली म्हणजे पाट्यांची काळजी मिटली, असं झालं नाही. मार्च २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इतिहासाच्या सार्वजनिक मांडणीबद्दल एक आदेश काढला. पाठोपाठ अंतर्गत व्यवहार खात्यानं राष्ट्रीय उद्यान सेवेच्या सगळ्या स्थळांवर नव्या पाट्या लावायला सांगितलं. अमेरिकनांना कमी लेखणारा मजकूर कुठे दिसला तर पाहुण्यांनी मोबाइलवरून कळवावा, अशी विनंती त्यांवर होती. बंदुका घेऊन आलेल्यांना पोलाद थोपवू शकतं. कचेरीतून आलेल्या खोडरबराला काय थोपवणार, हा प्रश्न सम्नरसारख्या गावांपुढे आता उभा आहे.

ड्रूजवळचं ते कोठार इतकी वर्षं खाजगी मालकीचं होतं. राइट थॉम्पसन यांच्या ‘द बार्न’ या २०२४च्या पुस्तकामुळे त्याकडे पुन्हा लक्ष वेधलं गेलं. २०२५च्या नोव्हेंबरात सम्नरच्या इंटरप्रिटिव्ह सेंटरनं ते विकत घेतल्याचं जाहीर केलं. दूरचित्रवाणी-निर्मात्या शोंडा राइम्स यांची मोठी देणगी त्यामागे होती. २०३०पर्यंत ते लोकांसाठी खुलं करायचा बेत आहे. टॅलाहाचीतल्या संस्थेला त्यासाठी काउंटीची हद्द ओलांडून सनफ्लॉवरमध्ये जावं लागलं, आणि सत्तर वर्षांपूर्वी विली रीडनं साक्षीत सांगितलेली जागा प्रथमच स्मारकांच्या नकाशावर येते आहे.